पाठाची तारीख वरून ठरून येत असंल तर वर्गातल्या शिक्षकानं काय ठरवायचं?

तांड्यावरची_शाळा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडतोय, लांब होईल पण पूर्ण वाचा.

मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका दुशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, म्हणजे एका खोलीत कायम दोन वर्ग. आमच्याकडं पहिली-दुसरीचं नियोजन आता छापील येतं. कोणत्या आठवड्यात कोणता अक्षरगट, कोणत्या दिवशी कोणती कृती, तासिकेची सुरुवात कशी आणि शेवट कसा, सगळं. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, ते नियोजन वाईट नाही. करणारांनी विचार करून केलंय, अक्षरांचा क्रम चांगलाय, गोष्टी चांगल्यात. माझी अडचण तारखेची आहे. एका दिवशी राज्यातल्या सगळ्या दुसरीच्या लेकरांनी एकाच पानावर असावं ही अपेक्षा आमच्या शाळेत बसतच नाही.

कारण दिवाळीच्या आगंमागं आमच्या गावातली ऊसतोडीची टोळी उचलते. अर्धी लेकरं मायबापाबरोबर कारखान्यावर, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. हंगामी वसतिगृह आहे, त्यात काही राहतात, पण दुसरीतलं लेकरू आजीजवळ सोडून जायला मायचा जीव होत नाही आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. ती लेकरं येतात मार्च-एप्रिलला. तवर नियोजन तीन अंकी संख्येवर पोचलेलं असतं.

ह्या मार्चअखेरीचं सांगतो. फडावरून आलेली दुसरीतली एक पोरगी, तोंडी शंभराच्या पुढं बिनचूक मोजायची, मोळ्या मोजून मोजून पक्कं झालेलं, पण चौतीस लिही म्हणलं की ३०४ लिहायची. पुस्तकात दशकासाठी काड्यांचे गठ्ठे दिलेत. मी विचारलं मोळीत किती ऊस असतात, तर म्हणली "ते बांधणारावर असतंय सर, मायची मोळी मोठी, माझी बारकी". मग कडब्याची धांडं आणली, तुकडे केले, सगळ्यांना मोळ्या बांधायला लावल्या, कुणाच्यात सात कुणाच्यात बारा. आणि आता कुणाकडं किती धांडं ते मोळ्या मोजून सांगा म्हणलं. जुळंना. तर तीच पोरगी म्हणली, सगळ्यांनी सारख्याच बांधा ना, न्हाईतर मोजायचं कसं. दहाची मोळी तिथून आली. तीन मोळ्या आन चार सुटी, मग पाटीवर ३ आणि ४. ह्याला दोन-तीन तासिका गेल्या, पण पुन्हा तिनं ३०४ लिहिलं नाही.

त्या आठवड्यात तपासणीची भेट झाली. टाचणातली, म्हणजे रोजच्या पाठाच्या नोंदवहीतली, तारीख आणि वर्गात चाललेला घटक जुळला नाही, शेरेबुकात शेरा आला की अध्यापन नियोजनाप्रमाणे नाही. पोरगीला फळ्यापाशी बोलावून एक संख्या लिहायला सांगा म्हणलं तर तेवढा वेळ नव्हता.

माझा प्रश्न त्या एका शेऱ्याचा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २४ काढून बघा. शिक्षकाच्या कर्तव्यात ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणं आहे, आणि त्याच्याच खालच्या ओळीत प्रत्येक लेकराची शिकण्याची क्षमता पाहून लागेल ते जादा अध्यापन करणंही आहे. दोन्ही कर्तव्यंच. मग तपासणी एकाचीच का होते? वरून काय ठरून यावं आणि काय आमच्यावर सोडावं, तुम्हा सगळ्यांचा अनुभव सांगा.

नवी_बाई

सर, पोरगीचं वाचून खूप छान वाटलं. पण मला दुसरी बाजू मांडायचीय. मी हिंगोली जिल्ह्यात नवीन लागलेय. डीएडला आम्ही पाठ घेतले ते वर्गात चाळीस शांत लेकरं आणि मागं परीक्षक अशा परिस्थितीतले. खऱ्या पहिलीच्या वर्गात जून महिन्यात रडणारी, उठून घराकडं पळणारी, पेन्सिल न धरलेली लेकरं असतात, त्यांना वाचायला शिकवायचं म्हणजे नेमकं कुठून सुरू करायचं हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. मी लहानपणी अ आ इ ई पासून ज्ञ पर्यंत पाठ केलं होतं, तसंच चालू करणार होते. हस्तपुस्तिकेमुळं कळलं की आधी थोडीच अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घ्यायची, त्यांचे लगेच शब्द करायचे, म्हणजे पंधरा दिवसातच लेकरू काहीतरी स्वतः वाचतं आणि त्याला वाचण्याचा अर्थ कळतो. आधी बाई करतील, मग सगळे मिळून, मग तू एकटा, ही पद्धत पण तिथूनच मिळाली.

मला कुणी तुम्ही स्वतंत्र आहात पाहिजे तसं शिकवा असं म्हणलं असतं तर ते वर्ष माझं आणि लेकरांचं दोघांचंही वाया गेलं असतं. जुन्या लोकांना स्वातंत्र्य पाहिजे असतं ते बरोबरच आहे, त्यांच्याकडं शिदोरी आहे. नव्या माणसाला हातात काहीतरी लागतं.

गोदाकाठ

मी केंद्रप्रमुख आहे, परभणी जिल्हा. शेरा लिहिणाऱ्याच्या बाजूचा माणूस म्हणा.

तांड्यावरचे सर, तुमच्या वर्गात मी असतो तर पोरगीला नक्की बोलावलं असतं. पण तारीख आम्ही का बघतो ते पण ऐका. माझ्याकडं दहाच्या वर शाळा, त्यात शालेय पोषण आहार, यूडायस म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती, आधार, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणूक आली की बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, रोज कुठल्यातरी माहितीचा तक्ता दुपारपर्यंत पाठवा म्हणून ग्रुपवर मेसेज. एका शाळेवर तासभर मिळाला तर नशीब. तासाभरात शंभर लेकरांना काय येतं हे बघणं होत नाही, टाचण बघणं होतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, हे असं का होतं ते सांगतोय.

आणि अजून एक. २०१८ पासून बदल्या ऑनलाइन झाल्या. बदलीत शाळाच्या शाळा रिकामी होऊन नवीन माणसं येतात. माझ्या केंद्रात एका शाळेवर आधीच्या गुरुजींनी स्वतःच्या पद्धतीनं फार सुंदर काम केलं होतं, पण ते काय केलं, कुठपर्यंत आलं, कोणत्या लेकराला काय येतं ह्याचा एक कागद मागं नाही. नवीन आलेल्या बाईंनी जूनमध्ये पुन्हा क म ल पासून सुरू केलं, लेकरं कंटाळून गेली. राज्याचा एक क्रम असला की निदान नव्या माणसाला कळतं की दुसरीचं दुसरं सत्र म्हणजे साधारण हे हे झालेलं असणार. तुमचीच ऊसतोडीची लेकरं घ्या, चार महिने ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत बसली तर तिथं वेगळंच पुस्तक आणि वेगळाच क्रम असल्यावर त्यांचे काय हाल होतील? सारखेपणाचा सगळ्यात जास्त फायदा गाव सोडणाऱ्या लेकरालाच आहे.

तांड्यावरची_शाळा

गोदाकाठ सर, मान्य. क्रमाला माझा विरोध नाहीच, उलट तुमचा मुद्दा मी माझ्यात जोडून घेतो. क्रम एक असावा, वेग एक नसावा. छापील नियोजनात हे दोन्ही एकत्र बांधून दिलेत. "ह्याच्यानंतर हे" एवढंच लिहिलं असतं तर मी डोळे झाकून पाळलं असतं. "ह्या तारखेला हे" म्हणलं की माझी निम्मी लेकरं गैरहजर असताना तो पाठ होऊन जातो, आणि कागदावर झालेला पाठ पुन्हा घ्यायला वेळच कुठं ठेवलेला नसतो.

नवी बाई, तुमचं पण पटलं. हस्तपुस्तिका असावीच.

कोयत्याची_लेक

मी शिक्षिका नाही, नर्स आहे. पण मायबाप पंचवीस वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते म्हणून बोलते.

चौथीपर्यंत मी दरवर्षी फडावर जायचे. परत आलं की वर्गात सगळे पुढं गेलेले. गुरुजी वाईट नव्हते पण ते फळ्यावर जे चालू असायचं तेच चालू ठेवायचे, आम्ही मागच्या ओळीत बसून उतरवून घ्यायचो. उतरवायला मला छान यायचं, अक्षर सुंदर, वही नेहमी पूर्ण. वाचता येत नव्हतं. वही पूर्ण असल्यामुळं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेले तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात एकेकाला जवळ घेऊन वाचायला लावलं तेव्हा उघडं पडलं. त्या बाईंनी रोज मधल्या सुट्टीनंतर आम्हा पाच-सहा जणींना वेगळं बसवलं आणि दुसरीच्या पुस्तकापासून घेतलं. पाचवीत दुसरीचं पुस्तक. आजच्या नियोजनात ते बसेल का मला माहीत नाही, पण त्याच्यामुळं मी शिकले.

गोदाकाठ सर म्हणतात की सारखेपणाचा फायदा आमच्यासारख्यांना. अर्धं खरंय. पुस्तक सारखं असणं उपयोगी पडतं. पण सगळ्यांनी एकाच पानावर असणं हेच आमच्या मुळावर आलं होतं.

जुनी_खडूपेटी

कोयत्याची लेक, बेटा, तुझी पोस्ट प्रत्येक शिक्षण परिषदेत वाचून दाखवली पाहिजे.

मी अंबाजोगाईचा, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. हा वाद माझ्या नोकरीत किमान चारदा तरी पाहिला. कधी म्हणायचे पाठ्यपुस्तक हे साधन आहे, तुम्ही मोकळे आहात. मग म्हणायचे मोकळीक दिल्यामुळं कुणी काहीच करीना, आता तक्ते भरा. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्याचा कार्यक्रम आला, तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला इथून शिक्षकांच्या गाड्या जायच्या. मी पण गेलो. तिथल्या शिक्षकांनी आणि त्यांच्या विस्तार अधिकारी बाईंनी बरीच वर्षं मिळून विचार करून, वाचून, वर्गात करून बघून ते उभं केलं होतं. आमच्याकडच्यांनी परत येऊन काय केलं, तर फरशीवर तेच तक्ते रंगवले. फरशी रंगवायचा जणू नियमच झाला. तिथल्यांनी स्वतः विचार करून काढलेली गोष्ट इथं बिनविचाराची सक्ती झाली. तक्ते तेच, पण आमच्या शाळांत त्यावर बसून लेकरं काय करणार ह्याचा विचार कुणी केलेला नव्हता.

ह्याच्या उलट एक उदाहरण देतो, जरा जुनं आहे पण ह्या विषयावर मला याच्यापेक्षा चांगलं सापडलेलं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ला १६ शाळांत सुरू झाला, पुढं शेकडो सरकारी शाळांत गेला आणि २००२ ला बंद करण्यात आला. त्यात चौकट पक्की होती. 'बाल वैज्ञानिक' नावाचं पुस्तक, प्रत्येक शाळेला प्रयोगाचं किट, प्रयोग लेकरांनीच करायचे, गुरुजींनी उत्तर सांगून टाकायचं नाही, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची परवानगी. पण त्याबरोबर दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी म्हणजे चर्चेची बैठक व्हायची, तिथं शिक्षक सांगायचे हा प्रयोग वर्गात जमत नाही, हा प्रश्न लेकरांना कळत नाही, आणि त्यावरून पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या बदलत गेल्या. आखीव होतं, पण आखणाऱ्यांत शिकवणारेही होते. मला वाटतं शिक्षकाच्या स्वातंत्र्याचा खरा भाग तो आहे. खोलीचं दार लावून मनाला येईल ते करायची मुभा कुणाला दिली तर काही जण सोनं करतील, बरेच जण गाईड उघडतील.

आपल्या केंद्रांवर दर महिन्याला शिक्षण परिषद होतेच की. त्यात निम्मा वेळ सूचना वाचण्यात जातो. तोच वेळ गोष्ठीसारखा वापरता येईल, नवीन पैसा लागत नाही.

मांजराकाठचा

लातूरचा पालक. माझी दोन मुलं. मला शिक्षकांचं स्वातंत्र्य वगैरे ऐकलं की थोडी भीती वाटते, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

आमच्या शेजारी दोन तुकड्या, एकीला गणिताचे सर असे की सत्र संपायच्या आत दोनदा उजळणी, दुसरीला सर असे की मार्चमध्ये पाच धडे बाकी. दोघंही म्हणणार आमची आमची पद्धत. नुकसान कुणाचं? पालकाला कळायला काहीतरी माप पाहिजे. लातूर पॅटर्न नाव कशामुळं झालं, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा आणि मग चाचण्यावर चाचण्या, प्रत्येक चाचणीचं वेळापत्रक आधी जाहीर. शिस्त होती म्हणून खेड्यातली, शेतकऱ्याची पोरं मेडिकलला गेली. शिस्त नसती तर पैसेवाल्याची पुण्यात शिकणारी पोरंच पुढं गेली असती. वेळापत्रक हे गरिबाच्या बाजूनं असतं असं माझं मत आहे.

तांड्यावरची_शाळा

मांजराकाठ दादा, राग कशाचा, पाच धडे बाकी ठेवणाऱ्याला मीही स्वातंत्र्य म्हणणार नाही. पण लातूर पॅटर्न अकरावी-बारावीचा. तिथं येणारं पोरगं वाचतं, लिहितं, स्वतः बसून अभ्यास करतं, दहावीला चांगले मार्क घेऊन आलेलं असतं. त्याला वेळापत्रक पेलतं. माझ्या दुसरीच्या लेकराला अजून "कमळ" वाचता येत नसंल तर पुढचे धडे वेळेत संपवून मी त्याला काय दिलं? कोयत्याच्या लेकीची वही आठवा, पूर्ण होती.

आणि तुम्ही म्हणता ते माप पाहिजे, शंभर टक्के पाहिजे. ते माप आहेच. निपुण भारत हे केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान २०२१ च्या जुलैत आलं, त्यात लिहिलंय की तिसरीच्या अखेरीला लेकरानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. हे माप घेऊन माझ्या वर्गात कधीही या. मी त्याला बांधील आहे. पण माप पण तुमचं, रस्ता पण तुमचा, रस्त्यावर कोणत्या दिवशी कुठं उभं राहायचं ते पण तुमचंच, आणि लेकरू नापास झालं की जबाबदारी तेवढी माझी, हे जुळत नाही.

सिडको_एन७

संभाजीनगरला एका खाजगी इंग्रजी शाळेत शिकवते. तुम्हाला वाटत असेल हे सगळं सरकारी शाळांतच चालतं, तर आमच्याकडचं सांगते. शाळेनं एका कंपनीचा पूर्ण संच घेतलाय, पुस्तकं, वर्कबुक, टॅबवर प्रत्येक तासिकेचा पाठ, त्यात मी कोणतं वाक्य बोलायचं ते पण लिहिलेलं. पावसाचा पाठ होता, त्यात लेकरांना विचारायचं होतं की पावसात तुम्ही कोणते बूट घालता. गेल्या पावसाळ्यात बाहेर धो धो चालू होतं, लेकरं खिडकीला चिकटलेली, आदल्या दिवशी कुणाच्या गल्लीत पाणी शिरलेलं ते सांगायला धडपडत होती, आणि मी टॅबवरचा प्रश्न वाचत होते कारण पाठ पूर्ण झाल्याची खूण तासिका संपायच्या आत करावी लागते, उशीर झाला की ऑफिसात दिसतं. पगार कमी, माणसं टिकत नाहीत, म्हणून शाळेला वाटतं टॅब असला की बाई कोण आहे ह्यानं फरक पडत नाही. खरं दुखणं ते आहे.

मी जरा शोधून वाचलं तर दोन गोष्टी सापडल्या. नवी बाई म्हणतात त्याला आधार आहे, केनियात तुसोमे नावाचा वाचनाचा कार्यक्रम २०१५ पासून देशभर झाला, त्यात शिक्षकांना पाठाची पुस्तिका, प्रत्येक लेकराला पुस्तक आणि वर्गात येऊन मदत करणारा माणूस असं तिन्ही मिळून दिलं होतं आणि लेकरांचं वाचन सुधारलं. पण ह्याच क्षेत्रातल्या लोकांनी नंतर १३ देशांतल्या १९ प्रकल्पांच्या पुस्तिका तपासल्या तर असं दिसलं की पुस्तिका असण्यानं फायदा होतो, मात्र शब्दन्‌शब्द लिहून दिलेल्या पुस्तिकांपेक्षा थोडक्यात लिहिलेल्या पुस्तिका जास्त उपयोगी ठरतात. म्हणजे बाईंनी काय करायचं हे सांगा, पण तिच्या तोंडात वाक्यं घालू नका.

नवी_बाई

सिडको ताई, हे मी स्वतः अनुभवतेय. पहिल्या वर्षी पुस्तिका शब्दन्‌शब्द पाळली. आता त्यातली गोष्ट तीच ठेवते पण गोष्टीतलं शेत आमच्या गावातलं करते, हळद काढायचे दिवस असले की गोष्टीत हळद येते. क्रम तोच, अक्षरं तीच. म्हणजे माझ्या मते मोकळीक हळूहळू वाढत जावी. नव्याला जास्त आधार, चार-पाच वर्षं काम दाखवलेल्याला कमी. आत्ता सगळ्यांना एकच माप लावतात, वीस वर्षं पहिली शिकवलेल्या बाईंनाही तेच प्रशिक्षण आणि मलाही तेच.

किनवटचा_वाटसरू

नांदेड जिल्ह्यातून, किनवट भागात आहे. आमच्या वर्गात घरी गोरमाटी म्हणजे बंजारा भाषा बोलणारी लेकरं, गोंडी-कोलामी बोलणारी, काही घरात तेलुगू. पहिलीच्या पुस्तकाची मराठी ही त्यांच्यासाठी नवीन भाषा. छापील नियोजन जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून चित्रवाचन आणि मग अक्षर असं धरून चालतं. आम्हाला आधी दीड-दोन महिने नुसतं बोलण्याचं काम करावं लागतं, त्यांच्या भाषेत आणि मराठीत, वस्तू हातात घेऊन. ह्यात तांड्यावरच्याच एका ताईची मदत घेतो, त्या पोषण आहार शिजवतात, दुपारनंतर वर्गात बसून लेकरांशी बोलतात. ज्या लेकरानं शब्द कधी ऐकलाच नाही त्याला त्या शब्दाचं पहिलं अक्षर ओळखायला लावून उपयोग काय? तर आम्ही कायम "दोन महिने मागे" असतो. दिवाळीनंतर भरून निघतं, पण पहिल्या सत्राच्या तक्त्यात आमची शाळा लाल.

आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या परिच्छेद ५.१४ मध्ये स्पष्ट आहे की वर्गातल्या मुलांना जी पद्धत सगळ्यात परिणामकारक वाटेल तसं शिकवता यावं म्हणून शिक्षकांना अधिक स्वायत्तता दिली जाईल. घरची भाषा वापरा हेही धोरणातच आहे. मी हे दोन्ही परिच्छेद प्रिंट काढून टाचणाच्या वहीला चिकटवलेत, भेटीला कुणी आलं की आधी ते दाखवतो. आजपर्यंत कुणी हरकत घेतली नाही.

मांजराकाठचा

किनवटचे सर, हे मला नवीन होतं, लाल तक्त्याच्या मागं असं कारण असंल हे पालक म्हणून कधी डोक्यात आलं नाही. माझं मत थोडं बदलतोय. पण परीक्षेचं काय? परीक्षा तरी सगळ्यांची एक पाहिजे का नको?

तांड्यावरची_शाळा

परीक्षा चांगला मुद्दा काढला. २०२५ ला पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षेचं राज्यभर एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. कारण असं दिलं गेलं की परीक्षा लवकर उरकून शाळा रिकाम्या पडतात, लेकरं यायची बंद होतात, शिकवण्याचे दिवस वाया जातात. हे कारण खोटं नाही, तसं होत होतं. पण मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं हे राज्यभराच्या एका वेळापत्रकावरून कळणार नाही. पहिलीच्या लेकराची परीक्षा कोणत्या दिवशी घ्यायची एवढंही तालुक्यानं ठरवू नये का? प्रश्नपत्रिका एक ठेवा, काठिण्य पातळी एक ठेवा, तारीख तालुक्यावर सोडा.

गोदाकाठ

तारीख तालुक्यावर सोडली की पेपर फुटतो सर. एका तालुक्यात सोमवारी झालेला पेपर दुसऱ्यात गुरुवारी असला की मोबाईलवर फिरतो, हे झालेलं आहे. परीक्षेच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत होणार नाही, निदान तिसरीच्या पुढं. पहिली-दुसरीचं तोंडी काम जास्त, तिथं मोकळीक द्यायला हरकत नाही.

जुनी_खडूपेटी

परीक्षेवर दोघांचं जमणार नाही आणि जमायलाच पाहिजे असंही नाही. पण बाकीचं इतकं जमलंय तर गोदाकाठ सर, तुम्ही स्वतः केंद्रप्रमुख आहात, तुमच्या अधिकारात येईल एवढं काहीतरी करून बघा. शासन निर्णयाची वाट बघत बसलो तर अजून एक पिढी वही पूर्ण करून पुढं जाईल.

गोदाकाठ

खडूपेटी सर, हा धागा चालू झाल्यापासून तेच डोक्यात आहे. पुढच्या शिक्षण परिषदेपासून एक करतोय. माझ्या भेटीत टाचणाची तारीख बघणार नाही. त्याऐवजी प्रत्येक वर्गासाठी एक पान. उभ्या ओळीत लेकरांची नावं, आडव्या ओळीत राज्याच्या क्रमातले टप्पे, म्हणजे अक्षरगट, जोडाक्षर नसलेले शब्द, साधं वाक्य, उतारा, आणि गणिताचं तसंच. लेकरू जो टप्पा पार करंल तिथं शिक्षकानं तारीख टाकायची. म्हणजे तारीख असंल, पण लेकराची. मी गेलो की पानावरची कोणतीही चार नावं बोलावून वाचायला लावणार. वर्गात त्या दिवशी काय चालू होतं, मोळ्या बांधत होते का गोष्ट चालू होती, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. बदली झाली तर हेच पान नव्या माणसाच्या हातात.

नव्या शिक्षकांनी पहिली दोन वर्षं पुस्तिकेप्रमाणेच चालावं असं मी सांगणार आहे, त्यावर मी ठाम आहे. आणि कुणी पुस्तिका सोडून दुसरं काही करणार असंल तर हरकत नाही, पण परिषदेत उभं राहून का आणि कसं ते सगळ्यांना सांगायचं.

तांड्यावरची_शाळा

सर, असं पान मी दोन वर्षांपासून ठेवतो, फक्त कुणी मागत नव्हतं. त्यात अजून एक रकाना घाला, "गावाबाहेर कधी ते कधी". नाहीतर ऊसतोडीवर गेलेलं लेकरू चार महिने एकाच टप्प्यावर दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं गुरुजी झोपले होते. परत आलं की पहिल्या दोन दिवसांत त्याला पुन्हा वाचायला लावून नवीन तारीख टाकायची, कारण जाताना येत असलेलं बरंच विसरलेलं असतं, जुन्या तारखेवर विसंबून पुढचं सुरू केलं की लेकरू पुन्हा मागच्या ओळीत.

किनवटचा_वाटसरू

आणि टप्प्यांच्या आधी "मराठीत बोलतो" हा एक टप्पा ठेवा सर. आमच्या भागासाठी तिथूनच सुरुवात आहे.

गोदाकाठ

दोन्ही रकाने घेतले. तांड्यावरचे सर, तुमच्या पानाचा फोटो टाका, नावं झाकून. आणि वाचायला लावताना उतारा पुस्तकातलाच घेता का बाहेरचा? पुस्तकातला असला की काही लेकरं पाठ झालेलं म्हणून दाखवतात, शब्दावर बोट वेगळंच असतं.

तांड्यावरची_शाळा

बाहेरचाच. मी स्वतः लिहितो, गावातल्याच गोष्टीवर पाच-सहा ओळी, शिकून झालेल्या अक्षरांतच बसतील असे शब्द. मागच्या खेपेला वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकायला नेलेल्या बैलगाडीवर होता. तुमच्या केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकानं एकेक लिहिला तरी वर्षभर पुरतील एवढे उतारे जमतील, आमचे पण पाठवतो. फोटो उद्या शाळेत गेल्यावर टाकतो, पान तिथल्या कपाटात आहे.

कोयत्याची_लेक

बैलगाडीचा उतारा पण टाका सर, मला माझ्या भाच्याकडून वाचून घ्यायचाय. तिसरीत आहे, वही पूर्ण असते त्याची.